तीस मिलिअँपिअर

पहाटे चारला पुन्हा गेली.
शेवंती कुबलांचा फोन :
"येतंस मां? फ्रिजात सुरमय आसा."

निवतीची उतरण, स्कूटर, पिशवीत मेगर.
बोर्डावरचा खटका मान खाली घालून,
न केलेल्या खोडीसाठी मार खाल्लेल्या पोरासारखा.

एकेक प्लग काढत गेलो.
फ्रिज ठीक. पंप ठीक.
मिक्सर, टीव्ही, देव्हाऱ्यातली चिनी माळ,
ज्याची त्याची गळती इतकीशी
की कुणाचं नाव घेऊ नये.
सगळी मिळून मात्र
तिसाच्या उंबऱ्यापाशी दाटीवाटीनं उभी.
मग रात्री खारं दंव
भिंतीतल्या डब्यात उतरतं,
आणि कुणाचा तरी पाय पुढे पडतो.

"ता काढून टाक, डायरेक जोड,"
अंथरुणातूनच दीर म्हणाला,
"वाडीत सगळ्यांनी तसाच केल्यानी."

शेवंतीबाई अनवाणी,
बर्फाचं पाणी घोट्यापर्यंत ओघळलेलं.
मी डबा उघडला.
तांब्यावर हिरवट बुरशी, मिठाची साय,
वाळून कोळ झालेली एक पाल.
पुसलं, सुकवलं, टोकं नवी काढली,
फ्रिजला स्वतंत्र खटका दिला.

"आता जावची नाय मां?"
जाईल, म्हटलं. दर्या शेजारी आहे.
आणि हे बारकं बटण
महिन्यातून एकदा दाबा. गेली पाहिजे.

"जावची नाय म्हणान तुका बोलवलंय,
नि तू घालवूक शिकवतंस!"

तरी तिनं अंगठा ठेवला.
खट्.
काळोखात फ्रिज एकदा थरथरला, थांबला.
"गेली," ती म्हणाली,
जरा खुशीतच.