पोटभाडेकरू

मंगळवार माझा.
बाही कोपराच्या वर दुमडायची,
साबण नाही, अत्तर नाही,
हात जाळीच्या पिंजऱ्यात घालून पंधरा मिनिटं गप्प बसायचं.
पाचशे माद्या जेवायला बसतात.
नरांना रक्त लागत नाही, ते कडेकडेनं भिरभिरतात
लग्नघरातल्या बिनकामाच्या पाहुण्यांसारखे.

प्रत्येकीच्या पेशीत एक पोटभाडेकरू आहे.
कुणीतरी कधीतरी काचेच्या सुईनं
त्याला अंड्यात सोडलं.
हजारो अंडी फुकट गेली, मग एक बिऱ्हाड टिकलं.
तेव्हापासून तो आईकडून लेकीकडे जातो,
ना आडनाव, ना करारनामा.
डेंगीचा विषाणू येतो, दार वाजवतो.
आतून उत्तर : जागा नाही.

बुधवारी बादल्या.
बांतुलच्या गल्लीत सार्जोनो आजोबा दारात आडवे उभे :
"वीस वर्षं सांगत होतात,
डबकी उपसा, टायर पालथे घाला.
आता तुम्हीच डास पाळायला देता?"
माझ्या हातात छापील पत्रक होतं.
त्यात याचं उत्तर नव्हतं.
मी म्हणाले, काट्यानं काटा.
ते हसले नाहीत.
रामबुतानच्या सावलीत बादली ठेवू दिली, बस्स.

दोन आठवड्यांनी झाकण उघडलं.
पाणी नितळ. अळी नाही, कोष नाही,
भिंतीला चिकटलेली कागदाची पट्टी तेवढी.
वहीत "अयशस्वी" लिहिता लिहिता
ओसरीवर नजर गेली :
ओळीनं बरण्या, बरण्यांत झुंजीचे मासे,
निळे, तांबडे, पोटं टम्म.
"उपास घडत होता बिचाऱ्यांना,"
आजोबा म्हणाले.

मी नवी पट्टी सोडली.
"चावतील ना हे मोठे झाल्यावर?"
चावतील.
"मग फरक काय?"
चावतील, एवढंच.

एवढंच,
ते स्वतःशी म्हणाले,
आणि आतल्या खोलीकडे पाहत राहिले.
तिथं एक छोटी चटई
गुंडाळून भिंतीशी उभी होती,
दोरी अजून न सोडलेली.
"माशांचं मी दुसरं काही बघतो."

आज पुन्हा मंगळवार. हात खाजतोय.
यांच्यातल्या एखादीची लेक
रामबुतानखालच्या बादलीतून उडेल
आणि संध्याकाळी आजोबांच्या घोट्यावर बसेल,
माझ्या रक्तावर पोसलेल्या आईची,
भाडेकरूसकट.

त्यांनी तिला चापट मारू नये
असं मी म्हणत नाही.
मारावी.
डासच आहे ती.