खोकं

खोकं दुपारी आलं. वर नोनसानच्या छावणीचा शिक्का.
शेजारची माल्सुन म्हणाली, एकटीनं उघडू नकोस,
माझ्या थोरल्याचं आलं तेव्हा
मी शर्टात तोंड खुपसून बसले होते,
भात करपला तरी उठले नाही.

इथं सगळ्यांचंच असं होतं.
पोरगं सैन्यात भरती होतं,
अंगावरचे कपडे तेवढे घरी परततात
आणि आया ते हुंगतात.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं.
बाहेर तारेवर माकुलं वाळत होती, शंभरएक,
सोकचोचा खारा वारा त्यांच्यातून आरपार.

ग्यूसोक सातवीत असताना
त्याच्या बाकावर कुणीतरी माकुलाचं चित्र काढलं होतं,
आठ पायांनी स्वतःचंच नाक दाबलेलं.
मला त्यानं सांगितलं नाही, मास्तरीणबाईंनी सांगितलं.
त्याचं एवढंच झालं, की दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत घालू लागला
आणि मी जवळ घेतलं की
श्वास रोखून धरायचा.
किती वेळ, ते मी मोजायचे.

पुढे तो इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात लागला
आणि घरात चांदी येऊ लागली.
आधी कपडे धुवायचं मशीन,
मग किमचीचा डबा, मग भाजी चिरायची फळी,
मग मोजे. सहा जोड, करडे.
मी एक मोजा उलटा करून उजेडात धरला:
कुठाय रे चांदी?
म्हणाला, आई, तुझा एक केस घे,
त्याची जाडी ऐंशी हजार जणांत वाट,
एकेकाच्या वाट्याला येईल ते हिचं माप.
मी म्हटलं, केस पांढरा झालाय माझा,
तोच धर की चांदीत.
हसला. किमतीची चिठ्ठी मात्र
बिनचष्म्याची वाचता आली मला.

वास म्हणजे जंतूंचा संसार, असं तो सांगायचा,
ही चांदी त्यांना नांदू देत नाही.
मी मान डोलवायची.
माझा संसार ज्या वासावर चालला
त्याचं नाव काढलं नाही त्यानं, मीही नाही.

तर खोकं.
वर जॅकेट. पावसात न भिजणारं, डाग न धरणारं.
त्यावर सूप सांडून दाखवलं होतं एकदा त्यानं,
मोत्यांसारखं घरंगळलं, माझ्या जाजमावर.
आज डोळ्यांतलं पडलं तेही तसंच गेलं,
बाहीवर ओल नाही.
खाली टी-शर्ट. नाक लावलं.
दुकानातल्या कागदाचा वास, तोही पुसटसा.
पँट. काही नाही.
मोजे नीट घडी घालून ठेवलेले.
मी ते तोंडावर धरले, आधी हळू, मग गच्च.
वीस वर्षांचं पोर, दिवसभर बसमध्ये, बुटांत,
आणि पायांची काही म्हणजे काही खूण नाही.
इतकं चांगलं काम करतात, हे मला ठाऊक नव्हतं.
मला त्या मोज्यांचा राग आला.
मग हसू आलं, की माल्सुनला काय सांगायचं?
रडायला बसले आणि काही सापडलंच नाही?

जॅकेट झटकलं तेव्हा आतल्या खिशात चुरचुरलं.
चांदीचा कागद. साधा, स्वयंपाकघरातला, दिसणारा.

बसस्टँडवर मी पुढे केला होता,
नको आई, गाडीत सगळ्यांना वास जाईल, म्हणाला होता.
मी पिशवीच्या तळाशी ढकलला होता तो पुडा.
माकुलाचे वाळके पाय, पाच दिले होते.
दोन उरलेत.
त्यातल्या एकावर दात उमटलेले.

खिसा उलटा केला.
अस्तराला वास पुरता मुरलेला,
मशीननं, चांदीनं, कशानंच न जाणारा,
माझ्या हातांचा, ह्या तारेचा, चाळीस वर्षांचा.
त्याचा नव्हता.
माझाच मी हुंगत बसले.

उरलेला पाय तोंडात टाकला.
कडक झालाय, जरा जास्तच खारट.
शटरखाली कुणाचे तरी बूट दिसले,
आवाज आला, मावशी, दहाचा जुडगा केवढ्याला?
थांबा, म्हणायचं होतं.
तोंड भरलेलं होतं.