मोडीचा भाव

पहाटे चारला बर्फ उपसायचा ट्रक लावून मी घरी येतो
तेव्हा खालच्या मजल्यावर आयली कांगास जागीच असते.
वय एक्क्याऐंशी. एका चष्म्यावर दुसरा चष्मा,
समोर लॅपटॉप, त्याचं आठाचं बटण रुसलेलं,
ते ती पेन्सिलीच्या बुडानं दाबते.

डुलुथच्या धक्क्यावर खनिजाच्या बोटी भरत
तेव्हा एकतीस वर्षं तिनं हजेरीपटावर पगार मांडले.
एक सेंट चुकला तर रात्रभर झोप नाही.
आता सेंट चुकत नाही.
झोप तरीही नाही.

'बस,' म्हणते. मी बूट काढतो, बसतो.
'ही पावली. चौसष्ट सालची, नव्वद टक्के चांदी.
वितळवली तर आज चार डॉलर एक्कावन्न.
दुकानदार मागतो चार एकसष्ट. मागू दे, त्यालाही पोट आहे.
पण मी थेट त्याच्या दारात जात नाही.
आधी या दुसऱ्या दारातून जायचं.
हे त्याला सांगणार, गिऱ्हाईक आम्ही धाडलं.
तो यांना दलाली देणार,
त्यातले आठ टक्के हे मला परत करणार.
वर दोन टक्के कार्डाचे.
किती झाले?'

मला कुठे येतंय.

'चार पंधरा,' ती म्हणते, आणि ओठ असे पुसते
की साय खाल्लेल्या मांजरानंही लाजावं.
'मोडीच्या भावाहून छत्तीस सेंट खाली!'

हे छत्तीस सेंट मग गेले कुणाच्या खिशातून?
'पगार मांडायचे तेव्हाही
हा प्रश्न कुणी विचारत नसे,' आयली म्हणते,
आणि पेन्सिल थोडा वेळ तशीच हवेत.

परतावा लगेच येत नाही. नव्वद दिवस लागतात.
तोवर पडद्यावर एकच शब्द: प्रलंबित.
तिच्याकडे निळी वही आहे, त्यात तारखा.
एक्क्याऐंशीव्या वर्षी
जगाला नव्वद दिवस उधार द्यायचे,
तेही न पाहिलेल्या माणसांना.
मी तर माझ्या भावाला देत नाही.

मुलीशी मात्र तिचा छत्तीसचाच आकडा.
डेनीस मार्चमध्ये आली, सात वर्षांच्या एमेटला घेऊन.
दोघी स्वयंपाकघरात, दोघींची तोंडं दोन खिडक्यांकडे.
पोरानं कॉफीचा डबा उघडला.
त्याला काय, त्यावर पंचवीस सेंट लिहिलेलं होतं
आणि त्याला वाचता येत होतं.

कोपऱ्यावरच्या धुलाईघरात
नव्या यंत्रानं ती पावली तीनदा थुंकून टाकली.
त्यांना चांदी ओळखू येत नाही.
दाराशी मात्र च्युइंगमचं जुनं लोखंडी यंत्र होतं,
त्याला फक्त गोलाई कळते.
त्यानं गिळली.
निळी गोळी आली.

पोर निळी जीभ घेऊन परतलं.
डेनीसनं श्वास धरला. मी जिन्यातच थांबलो.
आयलीनं त्याला जीभ बाहेर काढायला लावली,
दोन्ही चष्म्यांतून नीट तपासली,
मग हसायला लागली, खोकला येईपर्यंत,
आणि डेनीस उठून तिच्या पाठीवर थोपटत राहिली,
खोकला थांबल्यावरही.

रात्री वहीत नोंद दिसली:
पावली एक. गेली पंचवीस सेंटला.
परतावा: प्रलंबित.

त्या यंत्राचा गल्ला महिन्यातून एकदा कुणीतरी येऊन नेतो.
धुलाईघरवाल्याला त्याचं नाव ठाऊक नाही.
म्हणजे ती पावली आता कुठल्यातरी मोडीत मोड होऊन फिरतेय,
पाव खरेदी करत, पार्किंग भरत, दर्शनी किमतीला.

तेव्हापासून हातात आलेली प्रत्येक पावली
मी ट्रकच्या पत्र्यावर टाकून बघतो.
तांब्याची बद्द वाजते.
चांदीची कशी वाजते ते आयलीनं ऐकवलंय.
बाहेर बर्फ, फाळ वर घेतलेला,
इंजिन बंद करावं लागतं त्यासाठी.