तळघरात आधी उतर

मंगळवारी पहाटे सहाला, टोलेडोमध्ये,
नदीवरचं धुकं अजून उठलेलं नसताना
आम्ही नऊ-दहा जण पॅनकेकच्या दुकानात
मागचं लांब टेबल अडवतो.
कुणाची दोन घरं, कुणाची अकरा,
कुणाचं एकही नाही, नुसती वही.

मार्गिट साबो सत्तरी ओलांडलेली.
नव्या माणसाला ती आधी नाव विचारते,
मग विचारते, काही खाल्लंस का.
पैशाची गोष्ट तिसऱ्या कपानंतर.

कॉर्बिन आला तो रात्रपाळीवरून थेट,
नखांत कारखान्याचं ग्रीस.
बसायच्या आतच म्हणाला,
"कुठलं घर घेऊ?"
वेंडेल सिरपच्या झाकणाशी खेळत राहिला.
कुणीच काही बोललं नाही.

"हे म्हणजे," मार्गिट म्हणाली,
"चर्चमध्ये शिरून विचारावं, बायको कुठली करू?
बघितलीस किती, ते सांग.
किती तळघरांत उतरलास?
भिंतीवर ओलीची रेघ कुठवर चढलीय,
भट्टी कुठल्या सालची,
गटाराचा पाइप शेवटचा कुणी बदलला, कितीला?
एवढं आण, मग आमचं डोकं खा.
वाटी रिकामी असली तरी चालेल,
पण वाटी तरी घेऊन ये, बाबा."

घर पाहावं बांधून म्हणतात.
आम्ही पाहतो वास घेऊन.
ताज्या रंगाचा वास आला
की रंगाखाली काय, ते नखाने खरवडून.

मध्ये एक ब्रेंट यायचा, चकचकीत जाकीट,
तीन हप्त्यांत श्रीमंत व्हायचा कोर्स विकत.
वेंडेलने त्याच्या कॉफीचे पैसे भरले
आणि दार उघडून धरलं.
ना आवाज चढला, ना अपमान झाला.
ब्रेंटला समजायला मात्र दोन मंगळवार लागले.

आणि नफा सांगायचा तर छपराचा खर्चही सांगायचा.
वेंडेलने सांगितलं होतं:
रिकाम्या घरात हीटर बंद ठेवला,
तीनशे डॉलर वाचवले,
जानेवारीत पाइप फुटले, अकरा हजार गेले.
टेबलावर कुणी हसलं नाही.
ही आमची सगळ्यात जुनी रीत,
कुणी लिहून ठेवलेली नाही.

सात आठवड्यांनी कॉर्बिनची वही भरली.
रुळांपलीकडचं घर, नंबर दोनशे एकोणीस,
छप्पर, भट्टी, कर, सगळं रकान्यांत.
आम्ही माना डोलावल्या.
"खालच्या युनिटमध्ये एक बाई आहे," तो म्हणाला,
"सहाशे देते. तिला काढलं की नऊशे कुठे गेले नाहीत."

कॉफीचं भांडं त्याच्या कपावर थांबलं.
ओपल अकरा वर्षं आम्हाला कॉफी ओततेय.
दोन चमचे साखर कुणाला आणि कुणाला डॉक्टरने बंद केलीय,
तिला पाठ.
ती राहते कुठे,
आम्हा दहांत कुणी कधी विचारलं नव्हतं.

"सहाशे वीस," ओपल म्हणाली.
"आणि मागच्या पायऱ्या मी ठोकल्यात, माझ्या पैशाने.
दूध घालू?"

मार्गिट खिडकीबाहेर पाहत होती.
तिच्याकडे सल्ला नाही
असं मी पहिल्यांदाच पाहिलं.
वेंडेलने आपली पॅनकेकची थाळी
उगाच दोन इंच सरकवली.

कॉर्बिनने वही मिटली. मग पुन्हा उघडली.
कान लाल, आवाज घशात अडकलेला.
"तळघरात पाणी येतं का हो?"

ओपलने भांडं टेबलावर टेकवलं.
"मार्चमध्ये. बोटभर. उत्तरेच्या कोपऱ्यातून.
आहे का तुझ्या वहीत?"
नव्हतं.
ती सांगत गेली, तो लिहीत गेला:
कुठली खिडकी लागत नाही,
वरच्या मजल्यावरचा म्हातारा
भाडं रोख का देतो आणि कधी.
समोरच्या टेबलावरचे दोघे
बिलासाठी हात वर करून बसले होते.

पुढे त्याने ते घर घेतलं का, भाडं किती लावलं,
मला विचारू नका.
दुसऱ्याचा सौदा तिसऱ्याला सांगायचा नाही,
आमच्या टेबलाची तीही एक रीत आहे.
ओपलचं विचारायचं असेल
तर ओपलला विचारा.
सहा ते दोन असते ती तिथे.