हातचा

पत्र एप्रिलात आलं. ईरीत तेव्हा
पार्किंगच्या कोपऱ्यातला बर्फाचा शेवटचा ढीग
काळा पडला होता.
एकच पान. काढलेलं नाही, हे ठळक अक्षरांत,
हलवलंय, हे साध्या.
खाली लॉरेनबाईंची सही, जरा थरथरलेली,
किंवा मलाच तशी दिसली.

रसायनशास्त्राच्या दोन वर्गांचा आता एकच वर्ग:
अडतीस मुलं, सहा बर्नर, आणि मी नाही.
माझ्या जुन्या परवान्यावर एक विसरलेली ओळ निघाली,
पहिली ते चौथीलाही शिकवू शकते.
बारा वर्षांपूर्वी नोकरी मिळेना तेव्हा
एका हिवाळ्यात देऊन टाकलेली परीक्षा.
असू दे अडीअडचणीला, म्हणाले होते घरी.
अडचण पत्ता शोधत आलीच.

सतरा वर्षांचे हात मला पाठ होते.
ब्युरेटची तोटी अर्धी उघडायची,
थेंब, थांब, थेंब, थांब,
आणि मग एकच जास्तीचा,
सगळा फ्लास्क गुलाबी.
"मिस, एकच तर थेंब होता!" टेरेल हात झटकायचा.
एकच असतो रे तो.
शाळा मंडळाच्या सभेतही
पाच विरुद्ध चार.

स्टॅनलीने केळ्यांची रिकामी खोकी आणून दिली
आणि दारातच उभा राहिला, झाडायचं काही नसताना.
आवर्तसारणी मी भिंतीवरच ठेवली.
तिच्यामागचा रंग अजून नवा असेल,
तो उघडा पाडायचं धाडस होईना.
लिटमसची एक डबी तेवढी पर्समध्ये टाकली.
चोरी म्हणा हवं तर.

इथे दुसरीत खुर्च्या माझ्या गुडघ्याएवढ्या.
पहिल्या आठवड्यात तीन पडलेले दात
मी लिफाफ्यांत घालून, नावं लिहून घरी पाठवले.
मोल म्हटलं तर इथे जमीन उकरणारा प्राणी.
मराठीतल्या मोलाबद्दल बोलत नाही,
पगार तोच राहील असं पत्रात आहे.

मंगळवारी बेचाळिसातून सतरा.
दोनातून सात जात नाहीत,
मग शेजारच्या चाराचं दार वाजवायचं,
एक दशक उसना घ्यायचा.
मी चारावर काट मारली, वर बारीक तीन लिहिला.
"त्या चाराला विचारलं का कुणी?"
प्रबेश. पुढचे दोन दात नसलेला.
नाही विचारत, म्हटलं, तशी पद्धत नाही.
"मग परत कधी देणार?"
मी पुस्तक उलटून पाहिलं. खरंच पाहिलं.

टिपणाच्या समासात मी लिहिलं होतं: हातचा.
माझ्यापुरतं. या हिशेबाला इथला शब्द
मला अजून उसनाच वाटतो.
त्याने त्यावर बोट ठेवलं.
"ही माझ्या आजीची अक्षरं आहेत."
वाचता येत नव्हती, पण ओळखली.

आजी तीन वाजता आली, भूतान, छावणी, मग हे गाव
एवढं सगळं एका लोकरी टोपीखाली घेऊन.
कागद डोळ्यांजवळ धरला.
हा. त. चा.
हात तिला कळला. स्वतःचा वर करून दाखवला.
'चा'चं काय करायचं ते दोघींनाही
दोघींना येणाऱ्या कुठल्याच भाषेत सांगता येईना.
कुणाचा तरी, एवढंच, असं मी म्हणणार होते,
तोवर बस आली.

शुक्रवारी डबी उघडली.
लिंबू लाल. साबण निळा. आरडाओरडा.
मग कुणीतरी शाळेच्या दुधाचा खोका पुढे केला.
दुधात कागद बुडवला तर तो
धड लाल होईना, धड निळा.
सव्वीस डोकी टेबलावर वाकली.
"मिस, याला काय झालं?"
थांबा जरा, म्हटलं,
बघू.