एकही पूल न ओलांडता

रविवारी मी माणसांना खायला नेते.
हा माझा धंदा.
माजिवड्याच्या नाक्यावरून सातची गाडी,
टोपी, पाण्याची बाटली आणि एकच सूचना:
सुकटीच्या वासाला नाक मुरडायचं नाही.

गेल्या मे महिन्यात आठजणांत एक शामला दाजी,
मॉरिशसहून आलेली.
खापरपणजोबाच्या गिरमिटाच्या कागदावर
जिल्हा रत्नागिरी,
गावाच्या जागी वाळवीनं खाल्लेलं भोक.
रत्नागिरी फिरून झाली होती,
कुणी ओळख दिली नाही.
विमानाला दोन दिवस उरले, म्हणून माझ्याकडे.

घोडबंदरला तिनं विचारलं,
"हे कुठलं बेट?"
म्हटलं, बेट कुठलं, ठाणं आहे.
तिनं फोनमधला नकाशा दोन बोटांनी ताणला.
पूर्वेला खाडी, उत्तरेला खाडी,
पश्चिमेला अख्खा समुद्र.
चाळीस वर्षं मी बेटावर राहतेय
आणि मलाच पत्ता नाही.
शाळेत साष्टी शिकवली असणार,
त्या दिवशी मला गोवर आला असणार.

उत्तनला ऊन असं
की वलांडीवरचे बोंबील टांगल्या टांगल्या कडक.
फिलसूबायच्या गच्चीवर लाल मिरची पसरलेली,
तीन बायका तोंडाला फडकी बांधून,
एकीचं मुसळ वर तेव्हा दुसरीचं उखळात,
मधूनच तिघींना मिळून एक शिंक.
भिंतीशी बियरच्या बाटल्या, धुऊन उपड्या घातलेल्या,
तपकिरीच हव्यात,
मसाल्याला उजेड सोसत नाही.

पानात फुग्या, आणि बाटली मसाल्यातलं
सुक्या बोंबलाचं कालवण.
सगळे शामलाकडे बघत राहिले.
मीसुद्धा. खोटं कशाला बोलू,
तिचे डोळे भरून यावेत असं मला फार वाटत होतं.
धंद्याला बरं असतं ते.

तिनं एक घास घेतला. दुसरा. बोटं चाटली.
"आमच्याकडे असं नाही लागत," म्हणाली,
"आमच्यात टोमॅटो जास्त. आणि थाईम."
फिलसूबाय वाढता वाढता थांबली.
"टाईम? टाईम आमी पन घालतो गो,
अख्खा मे म्हयना!"

मग दोघी पाट्याशी जाऊन बसल्या,
आम्ही सातजण आपापल्या ताटाशी परके.
"याला आमच्यात रोस कारी म्हणतात."
फिलसूबायनं तो शब्द
चिंचोक्यासारखा गालात फिरवला,
आणि गिळला नाही, थुंकलाही नाही.

निघताना एक बाटली जुन्या परकरात गुंडाळून
शामलाच्या पिशवीत गेली,
आणि पिशवीतून एक पुडी बाहेर आली,
वाळलेली बारीक पानं.

यंदा गेले तर पुडी फळीवर,
क्रुसाशेजारी, टाचणीसकट तशीच.
"मसाल्यात नाही घातलीस?"
"घालीन," वरवंटा न थांबवता म्हणाली,
"अजून टाईम हाय."

आता गाडी घोडबंदरला वळली
की मी माईक हातात घेते:
मंडळी, आपण बेटावर आहोत.
कुणी मान वर करत नाही.
एकदाच, मागच्या सीटवरून
एका पोरानं विचारलं,
मग होडी कुठाय?