उभं-आडवं

कुदळ्यांचा फोन सकाळी साडेसातला.
"उभं आज रात्रीपर्यंत द्या, मोबाइलवर पाठवायचंय.
आडवं सावकाश आलं तरी चालेल."
जणू आडवं म्हणजे
घरातलं कुणी अंथरुणाला खिळलेलं.

माझा कॉम्प्युटर बारा वर्षांचा.
तापकीर गल्लीतून आणला तेव्हाच
दुसऱ्याच्या हातचा होता.
डावीकडचा पत्रा काढून ठेवलाय,
समोर टेबलफॅन, तीनवर.
फोर-के टाकलं की त्याला धाप लागते:
नवरी पहिल्याच पायरीवर
आणि सनई बोहल्यावर पोचलेली.

म्हणून आधी सगळ्याची हलकी प्रत काढायची.
चारशे बारा क्लिपा, धनकवडीची एक अख्खी रात्र.
चेहरे पिठाळतात, जरीचा नुसता पिवळा पट्टा उरतो,
अक्षता दिसत नाहीत, टाकणारे हात दिसतात.
त्या धुरकट लग्नावर मी कात्री चालवते,
शेवटी खऱ्याला नेऊन जोडते.
मांजरपाटावर बेतायचं,
कापायची पैठणी.

आडवं जमलं.
मग उभं.
तीन हजार आठशे चाळीस ठिपक्यांतले
बाराशे पंधरा ठेवायचे, बाकीचे सोडायचे.
मामा गेले.
भटजी अर्धे गेले, पोथीसकट.
करवली राहिली, तिचा कलश गेला.
आणि मंगलाष्टकं!
आडव्यात इकडे ती, तिकडे तो.
चौकट उभी करून मधोमध ठेवली
तर पडद्यावर नुसता अंतरपाट.
कुंकवाचं स्वस्तिक, दोन बाजूंना चार बोटं,
लग्न कुणाचं ते कळत नाही.

मग चौकट सरकवावी लागते.
तिच्यावरून त्याच्यावर, त्याच्यावरून तिच्यावर,
अन् दर वेळी कॉम्प्युटर
गिअर न पडलेल्या टेम्पोसारखा कण्हतो.
एकदा हात जरा जास्त गेला उजवीकडे
आणि तिथे तो होता.

पाण्याच्या जारपाशी. टोपी. चपला हातात.
मी मागे गेले. हळदीत होता, फाटकाबाहेर.
सीमांतपूजनात होता, खांबाआड.
सगळीकडे उजव्या कडेला,
सगळीकडे तिच्याकडे बघत,
एकदाही जेवताना नाही.

कुदळ्यांना विचारलं.
लाइनवर जरा वेळ कार्यालयाचा हिशेब चालला, मग म्हणाले,
"तो गेनू. आमचा थोरला.
फुरसुंगीच्या जमिनीवरनं उभा दावा आहे आमचा,
शिवाजीनगरला तारखा चालू आहेत.
बोलावलं नव्हतं.
उभ्यात येत नाही ना?"

येत नाही, म्हटलं.
उभा दावा असलेला माणूस
आडव्यातच मावतो, हे
त्यांना सांगून काय उपयोग.

त्यांच्याकडून ॲडव्हान्स घेतलाय.
पोर कुणाची, जमीन कुणाची, मला काय करायचंय.
मी फक्त चौकट सरकवताना
ती वेळेवर थांबवली नाही.
अकरा फ्रेम.
अर्ध्या सेकंदालाही कमी.
टोपी, चपला, आणि जारच्या नळातून
गळायला आलेला एक थेंब.

रेंडर लावला. एक्क्याण्णव टक्क्यांवर वीज गेली,
गुरुवार, दुसरं काय.
यूपीएस मांजराच्या पिलासारखा केकाटला
आणि तोही गप्प झाला.
वीज आल्यावर पुन्हा शून्यापासून.
रात्री पावणेअकराला उभं गेलं.
कुदळ्यांचा अंगठा आला.
त्यांच्या सगळ्या भावकीचे अंगठे आले असणार,
एक सोडून.

सव्वाबाराला एका अनोळखी नंबरवरून:
"ताई, मी प्रणाली. नवरी.
एक मिनिट बेचाळीसला थांबवलं मी.
सात-आठ वेळा लागले, बोट नेमकं पडत नव्हतं.
आडव्यात आहेत का ते अजून?
आडवं कधी देताय?"

पंखा अजून तीनवरच होता.
कॉम्प्युटरच्या उघड्या कुशीला हात लावून पाहिला,
तव्यासारखी.
लिहिलं, "आहेत. बरेच आहेत.
हा जरा निवू दे."